सभागृहाबाहेरचा मुख्यमंत्री: महाराष्ट्र, नोव्हेंबर 2019 ते मे 2020

28 नोव्हेंबर 2019 रोजी शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हा ते ना विधानसभेचे सदस्य होते ना विधान परिषदेचे. राज्यघटनेने दिलेल्या सहा महिन्यांत त्यांना कुठल्यातरी एका सभागृहात जायचे होते. नेहमीच्या काळात ही बातमी आतल्या पानावर गेली असती. पण ते सहा महिने संपत आले तेव्हा देश टाळेबंदीत होता आणि मुंबईतली रुग्णालये भरत चालली होती. राज्याचा मुख्यमंत्री मेअखेर पदावर राहणार की नाही हे एप्रिलच्या शेवटच्या दिवसापर्यंत कोणालाच सांगता येत नव्हते.

हे प्रकरण उलगडून मांडण्याचे कारण पक्षीय नाही. त्या वेळी कोणाची बाजू बरोबर होती यावर भरपूर बोलून झाले आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो निर्णयांचा क्रम: कोणत्या टप्प्यावर कोणता दरवाजा उघडा होता, तो कधी बंद झाला आणि तिकडे कोणाचे लक्ष होते. घटनात्मक पदांवरच्या व्यक्ती सर्वांना ठाऊक असल्याने त्यांची नावे दिली आहेत. याचिकाकर्ते, अधिकारी आणि माघार घेतलेले उमेदवार यांची नावे वगळली आहेत.

पार्श्वभूमी

ऑक्टोबर 2019 च्या विधानसभा निवडणुकीत भाजपला 105, शिवसेनेला 56, राष्ट्रवादीला 54 आणि काँग्रेसला 44 जागा मिळाल्या. युती तुटली. 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली, 23 तारखेच्या पहाटे ती उठली, त्याच सकाळी देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी झाला आणि 26 तारखेला त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर महाविकास आघाडीचे सरकार आले. 30 नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने 169 मते पडली. बहुमताचा प्रश्न तिथे मिटला, सदस्यत्वाचा राहिला.

घटनेच्या अनुच्छेद 164(4) नुसार सभागृहाचा सदस्य नसलेली व्यक्ती मंत्री होऊ शकते, पण सलग सहा महिन्यांत सदस्य झाली नाही तर तिचे मंत्रिपद आपोआप जाते. मुख्यमंत्र्यालाही हाच नियम लागू आहे. फरक परिणामात आहे. एखाद्या मंत्र्याचे पद गेले तर खाते दुसऱ्याकडे जाते. मुख्यमंत्र्याचे पद गेले तर त्याच्यासोबत अख्खे मंत्रिमंडळ जाते.

या सवलतीचा वापर नवा नाही. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मोरारजी देसाई स्वतः पराभूत झाले, तरी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि नंतर पोटनिवडणुकीतून सभागृहात आले. त्याच वर्षी मद्रास राज्यात राजाजींना राज्यपाल श्रीप्रकाश यांनी विधान परिषदेवर नियुक्त केले आणि ते मुख्यमंत्री झाले. त्या नियुक्तीवर तेव्हाही टीका झाली होती. उत्तर प्रदेशात त्रिभुवन नारायण सिंह 1970 मध्ये सभागृहाबाहेरून मुख्यमंत्री झाले, 1971 मध्ये मणिराम मतदारसंघातली पोटनिवडणूक हरले आणि त्यांना पायउतार व्हावे लागले. आपल्याकडे सुशीलकुमार शिंदे जानेवारी 2003 मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा ते खासदार होते. दक्षिण सोलापूरच्या पोटनिवडणुकीतून ते विधानसभेत आले. पृथ्वीराज चव्हाण नोव्हेंबर 2010 मध्ये दिल्लीहून आले आणि पुढच्या वर्षी मुदतीच्या आत विधान परिषदेवर बिनविरोध निवडून गेले.

ही उदाहरणे डोळ्यांसमोर असल्यामुळे 2019 च्या अखेरीस कोणालाच घाई वाटली नसावी. त्यातच विधानसभा सदस्यांनी निवडून द्यायच्या विधान परिषदेच्या नऊ जागा 24 एप्रिल 2020 रोजी रिकाम्या होणार होत्या. मुख्यमंत्र्यांची मुदत 28 मेच्या सुमारास संपत होती. मध्ये महिनाभराचा अवधी होता. कागदावर गणित चोख होते.

जानेवारीतल्या दोन जागा

या प्रकरणाची चर्चा बहुतेक वेळा एप्रिलपासून सुरू होते. माझ्या मते ती जानेवारीपासून सुरू व्हायला हवी.

त्या महिन्यात विधान परिषदेच्या दोन जागांसाठी पोटनिवडणुका होत्या. धनंजय मुंडे परळीतून विधानसभेवर गेल्याने त्यांची परिषदेतली जागा रिकामी झाली होती. तिचे मतदार विधानसभेचे आमदार, म्हणजे आघाडीचे बहुमत उघड होते. तिथे राष्ट्रवादीचा उमेदवार बिनविरोध आला. दुसरी जागा यवतमाळ स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघाची. ती शिवसेनेचीच होती, तानाजी सावंत विधानसभेवर गेल्याने रिकामी झालेली, आणि शिवसेनेने ती पुन्हा जिंकली.

मुख्यमंत्र्यांनी यांपैकी एकही जागा घेतली नाही. मंत्रालयात तेव्हा काय विचार झाला हे त्यांनाच ठाऊक, पण बाहेरून दिसणारी कारणे समजण्यासारखी आहेत. पहिली जागा मित्रपक्षाच्या वाट्याची होती आणि आघाडीचा संसार नुकताच सुरू झाला होता. यवतमाळमध्ये नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांचे मतदान होते, त्यात मुख्यमंत्र्यांनी उतरणे म्हणजे नको ती जोखीम. शिवाय एप्रिलमध्ये नऊ जागा येणारच होत्या. भारतातला पहिला करोना रुग्ण 30 जानेवारीला केरळमध्ये सापडला. त्याआधीच हे अर्ज भरून झाले होते. साथीचा अंदाज कोणालाच नव्हता आणि तो नसल्याबद्दल कोणालाही दोष देता येणार नाही.

तरीही इथे एक निर्णय झाला होता, भले तो न घेतल्यामुळे झालेला असो. सहा महिन्यांच्या मुदतीपैकी पहिले पाच महिने बाजूला ठेवून सगळा भार शेवटच्या महिन्यावर टाकला गेला. निवडणूक पुढे ढकलण्यासाठी साथच लागते असे नाही. न्यायालयाची स्थगिती, दंगल, पूर, मतदारयादीचा वाद, यांपैकी काहीही पुरते.

अडचण

24 मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. राज्यसभेच्या निवडणुका आधीच लांबल्या होत्या. एप्रिलच्या सुरुवातीला निवडणूक आयोगाने या नऊ जागांची निवडणूकही अनिश्चित काळासाठी पुढे ढकलली. साथीच्या पहिल्या दिवसांत ते स्वाभाविक होते. पण या निवडणुकीचे मतदार फक्त 288 आणि मतदान एका इमारतीत. लोकसभा किंवा महापालिकेच्या निवडणुकीशी तिची तुलना होत नव्हती. आयोगाने तेव्हाच ‘घटनात्मक मुदत लक्षात घेऊन अमुक तारखेपूर्वी फेरविचार करू’ एवढे म्हटले असते, तर पुढचा महिना वेगळा गेला असता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय राज्यपाल नियुक्तीचा. महाराष्ट्र विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 12 जागा अनुच्छेद 171(5) नुसार साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या व्यक्तींसाठी आहेत. त्यांपैकी दोन रिकाम्या होत्या. उद्धव ठाकरे छायाचित्रकार आहेत, गडकिल्ल्यांची त्यांनी आकाशातून टिपलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. त्यामुळे कलेच्या निकषात ते बसतात, असे सरकारचे म्हणणे होते. अडचण दुसरीकडे होती. या दोन जागांची मुदत 6 जूनला संपत होती. जानेवारीत राष्ट्रवादीने याच जागांसाठी दिलेली दोन नावे राज्यपालांनी थोडीच मुदत उरली या कारणावरून स्वीकारली नव्हती. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार एक वर्षापेक्षा कमी मुदत उरलेल्या जागेवर पोटनिवडणूक घेणे बंधनकारक नसते, त्याच धर्तीचा हा आक्षेप होता. जानेवारीत दोघांना नाही म्हटले, मग एप्रिलमध्ये तिसऱ्याला हो कसे म्हणायचे, हा प्रश्न राज्यपालांच्या बाजूने खरा होता. शिवाय नियुक्ती झाली असती तरी 6 जूननंतर काय, हे कोडे उरलेच असते.

दुसरा पर्याय राजीनामा देऊन पुन्हा शपथ घेण्याचा. नवी शपथ, नवे सहा महिने. हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच बंद केला होता. पंजाबमध्ये तेज प्रकाश सिंह सप्टेंबर 1995 मध्ये मंत्री झाले, सहा महिन्यांत निवडून आले नाहीत, पायउतार झाले आणि त्याच विधानसभेच्या काळात 1996 मध्ये दुसऱ्या मुख्यमंत्र्यांच्या मंत्रिमंडळात पुन्हा मंत्री झाले. एस. आर. चौधरी खटल्यात न्यायालयाने ही पुनर्नियुक्ती घटनाबाह्य ठरवली. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. तो नसता तर सहा-सहा महिन्यांच्या तुकड्यांवर कोणीही पाच वर्षे मंत्री राहू शकला असता आणि मतदारांचा कौल घेण्याची गरजच उरली नसती.

तिसरा पर्याय नेतृत्वबदलाचा: दुसऱ्या कोणाला तरी मुख्यमंत्री करायचे आणि निवडणुकीनंतर पुन्हा बदल करायचा. तीन पक्षांच्या आघाडीत, साथ भरात असताना, हे बोलणेही कठीण होते. चौथा पर्याय राष्ट्रपती राजवटीचा. तो कोणी निवडायचा नव्हता, काहीच झाले नाही तर तो ओढवणार होता.

पाचवा पर्याय आयोगाला निवडणूक घेण्याची विनंती करण्याचा. घटनेच्या दृष्टीने हा सर्वांत स्वच्छ मार्ग होता. विचित्र हे की तो सर्वांत शेवटी वापरला गेला.

काय केले गेले

9 एप्रिलला मंत्रिमंडळाने मुख्यमंत्र्यांची राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून शिफारस केली. स्वतःविषयीच्या ठरावाला मुख्यमंत्री हजर राहिले नाहीत, बैठकीचे अध्यक्षस्थान उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी घेतले. हेतू चांगला होता, पण त्यातूनच आक्षेप निघाला: मुख्यमंत्र्यांच्या अनुपस्थितीत मंत्रिमंडळाची बैठक घेण्याचे रीतसर अधिकार दिले होते का? हा वाद उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. तोवर दिवस मात्र गेले.

राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी या शिफारशीवर होकार दिला नाही, नकारही दिला नाही. अठरा दिवस असेच गेले. 27 एप्रिलला मंत्रिमंडळाने कागदपत्रांतली त्रुटी दूर करून दुसऱ्यांदा तीच शिफारस पाठवली. दुसऱ्या दिवशी आघाडीचे मंत्री राजभवनावर जाऊन आले. 29 एप्रिलला मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांना दूरध्वनी करून अडचण सांगितली. 30 एप्रिलला राज्यपालांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहून नऊ जागांची निवडणूक लवकर घेण्याची विनंती केली. टाळेबंदीत काही व्यवहारांना सूट मिळू लागली आहे, हा त्यांच्या विनंतीचा आधार होता. 1 मे, महाराष्ट्र दिनी, आयोगाची बैठक दूरदृश्य प्रणालीवर झाली, कारण मुख्य निवडणूक आयुक्त तेव्हा अमेरिकेत होते. त्याच दिवशी 21 मे ही मतदानाची तारीख जाहीर झाली.

तीन आठवडे अडलेला प्रश्न तीन दिवसांत सुटला. त्या तीन दिवसांत कायदा बदलला नव्हता, साथही ओसरली नव्हती. एप्रिल संपताना राज्यातली रुग्णसंख्या 10 हजारांच्या पुढे गेली होती. बदलले ते एवढेच की सर्व संबंधितांनी एकाच पर्यायाकडे पाहायला सुरुवात केली. राज्यपालांनी 9 एप्रिलनंतर आठवड्याभरात ‘नियुक्ती करता येणार नाही, मी आयोगाला लिहितो’ असे कळवले असते, किंवा सरकारनेच नियुक्तीच्या शिफारशीसोबत आयोगाकडे निवडणुकीची मागणी रेटली असती, तर हे मधले दिवस वाचले असते. राज्याच्या प्रमुखाचे लक्ष तेव्हा खाटा, प्राणवायू आणि रस्त्याने गावाकडे निघालेल्या मजुरांकडे असायला हवे होते. त्याचा काही भाग तरी या पेचात गेला याचे मला आजही वाईट वाटते.

तारीख जाहीर झाल्यावर आणखी एक टप्पा उरला होता. नऊ जागांसाठी 288 मतदार, म्हणजे जिंकण्यासाठी पहिल्या पसंतीची 29 मते. भाजपला तीन जागा स्वबळावर मिळत होत्या. चौथीसाठी 116 मते हवी होती, म्हणजे 105 च्या वर 11. आघाडीला पाच जागा सुरक्षित होत्या; सहावीसाठी 174 लागणार होती, विश्वासदर्शक ठरावाला मिळाली होती 169. राज्यसभेला पक्षाच्या प्रतिनिधीला मतपत्रिका दाखवावी लागते, विधान परिषदेला मतदान गुप्त असते. त्यामुळे दहावा उमेदवार उभा राहिला असता तर मते फुटण्याची भीती दोन्हीकडे होती, आणि सगळ्या आमदारांना साथीच्या काळात मुंबईत गोळा करावे लागले असते.

काँग्रेसने आधी दोन उमेदवार जाहीर केले होते. मुख्यमंत्र्यांनी निवडणूक बिनविरोधच व्हावी असा आग्रह धरला. चर्चेनंतर काँग्रेसने दुसरा उमेदवार मागे घेतला. आघाडीच्या पाच आणि भाजपच्या चार असे नऊ उमेदवार उरले. या सबंध प्रकरणात सर्व पक्ष शहाणपणाने वागले ते इथे. काँग्रेसने एका जागेची शक्यता सोडली, भाजपने जादा उमेदवार देऊन परीक्षा पाहिली नाही.

निष्पत्ती

14 मे रोजी, अर्ज मागे घेण्याची मुदत संपताच, नऊही जण बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. 21 तारखेला मतदान घ्यावेच लागले नाही. 18 मे रोजी उद्धव ठाकरे यांनी विधान परिषद सदस्यत्वाची शपथ घेतली. मुदत संपायला तेव्हा जेमतेम दहा दिवस उरले होते. सरकार राहिले. ते पुढे जून 2022 मध्ये पडले ते वेगळ्या कारणांनी.

मात्र राज्यपाल नियुक्तीचा प्रश्न अनुत्तरितच राहिला आणि लगेच पुन्हा उभा ठाकला. जून 2020 मध्ये सगळ्या बारा जागा रिकाम्या झाल्या. नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने बारा नावे पाठवली, त्यांवरही निर्णय आला नाही. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की अशा शिफारशीवर वाजवी वेळेत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे. तरीही यादी पडूनच राहिली आणि 2022 मध्ये सत्तांतर झाल्यावर नव्या सरकारने ती मागे घेतली. एप्रिल 2020 च्या मौनाला तेव्हाच स्पष्ट उत्तर मागितले गेले असते, तर परिषदेच्या बारा जागा इतका काळ रिकाम्या राहिल्या असत्या का, असा प्रश्न मला पडतो.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी संधी जानेवारीची होती. मित्रपक्षाच्या वाट्याची जागा मुख्यमंत्र्यांसाठी घ्यायची आणि त्या बदल्यात एप्रिलमधल्या नऊपैकी एक जागा त्या पक्षाला वाढवून द्यायची, एवढी देवाणघेवाण तीन पक्षांना जमली असती. अशा वाटाघाटी आपल्या राजकारणात रोज होतात. त्यासाठी कोणीतरी नोव्हेंबरमध्येच कागद काढून विचारायला हवे होते: एप्रिलची निवडणूक झाली नाही तर?

दुसरी गोष्ट 9 एप्रिलच्या बैठकीची. मुख्यमंत्र्यांनी स्वतःच्या नियुक्तीच्या चर्चेतून बाजूला होणे शोभणारे होते, पण उपमुख्यमंत्र्यांना लेखी अधिकार आधी देऊन ठेवता आले असते. मुदत जवळ असताना कार्यपद्धतीतली छोटी फटसुद्धा महाग पडते, आणि ती बुजवायला दुसरी बैठक घ्यावी लागली.

तिसरी गोष्ट राज्यपालांची. त्यांच्याकडे नकाराला सबळ कारण होते, जानेवारीतला त्यांचा स्वतःचा निर्णयच त्याला आधार होता. लेखी, कारणांसह नकार दिला असता तर सरकार लगेच दुसऱ्या दाराकडे वळले असते आणि राजभवनावर हेतूचा आरोपही झाला नसता. निर्णय लांबवण्याने त्यांची स्वतःची बाजूही दुबळी झाली.

याच अडचणीतून नंतर दोन राज्ये गेली. दोन्हीकडे विधान परिषद नाही, म्हणजे विधानसभेच्या पोटनिवडणुकीशिवाय मार्ग नाही. उत्तराखंडमध्ये तीरथसिंह रावत खासदार असताना 10 मार्च 2021 रोजी मुख्यमंत्री झाले. 17 एप्रिलला सल्ट मतदारसंघाची पोटनिवडणूक होती, त्यांच्याच पक्षाने ती जिंकली, पण उमेदवार ते नव्हते. पुढे विधानसभेची मुदत वर्षाच्या आत आली, दुसरी लाट आली, पोटनिवडणुकीची शक्यता मावळली आणि 2 जुलैला त्यांनी राजीनामा दिला. चार महिनेही पूर्ण झाले नव्हते.

पश्चिम बंगालमध्ये ममता बॅनर्जी नंदीग्राममध्ये हरल्या आणि 5 मे 2021 रोजी मुख्यमंत्री झाल्या. 21 मे रोजी भवानीपूरच्या आमदारांनी राजीनामा देऊन त्यांच्यासाठी जागा मोकळी केली. शपथविधीनंतर सोळा दिवसांत हे झाले. त्यानंतर त्यांच्या पक्षाने आयोगाकडे पोटनिवडणुकीसाठी सतत पाठपुरावा केला. एवढी तत्परता दाखवूनही मतदान 30 सप्टेंबरला झाले आणि निकाल 3 ऑक्टोबरला लागला. मुदतीला तेव्हा महिनाच उरला होता.